भट्टीचं तेवढं विचारू नका

केज-अंबाजोगाईच्या अभ्यासिकेत बसणारं युसूफ वडगावचं कुठलंही पोरगं झोपेतून उठवा आणि विचारा, काळी माती काळी का? डोळे न उघडता उत्तर येईल, ‘टिटॅनिफेरस मॅग्नेटाइट.’

स्पर्धा परीक्षेच्या गाइडात तसं छापलेलं असतं. म्हणजे आपल्या शिवारात टायटॅनियम आहे. विमानात वापरतात, तेच. पोराच्या बापाला मात्र हे कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या माहितीप्रमाणे त्या मातीत फक्त पीककर्ज आहे.

मृदाशास्त्रज्ञ आता सांगतात की काळेपणाचं मुख्य कारण वेगळं आहे. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटून तो रंग येतो. गाइडं जुनंच उत्तर छापतात. त्यांचंही बरोबर आहे. शास्त्र बदलायला प्रयोगशाळा पुरते, ‘आन्सर की’ बदलायला मोर्चा लागतो.

रंगाचं श्रेय काढून घेतलं तरी खनिज कुठे गेलेलं नाही. खात्री करायची असेल तर फुटक्या स्पीकरमधलं चुंबक काढा. गणपतीनंतर गावोगाव त्यांचा तुटवडा नसतो. ते चुंबक मांजरेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत फिरवा. पात्रात पाणी असेल तर थांबा. थांबायची वेळ फारशी येत नाही.

चुंबकाला काळे कण चिकटतील. ते टायटॅनियम मिसळलेलं लोहखनिज.

रील काढू नका.

काढलीत तर दुपारपर्यंत ‘बीडमध्ये सापडला खजिना’ असा मथळा होईल, संध्याकाळी कोणीतरी नदीकाठचे सातबारे गोळा करायला लागेल आणि रात्री जेसीबी येईल. खनिजासाठी नाही, वाळूसाठी. तो तसाही येणारच होता.

चुंबकाचा हा खेळ नवा नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने 1791 मध्ये ओढ्याची काळी वाळू गोळा केली, ती चुंबकाला चिकटते हे पाहिलं, पृथक्करण केलं आणि एक नवीन मूलद्रव्य शोधलं. आपल्याकडे ओढ्यात वाळू गोळा करणाऱ्याला तलाठी शोधतो.

त्या मूलद्रव्याला टायटॅनियम हे नाव दिलं क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, 1795 मध्ये. त्याच वर्षी इथून जवळच खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. लढाई आपण जिंकली, बीड 1948 पर्यंत निजामाकडे राहिलं. जिंकून हाती काही न लागण्याचा अनुभव आपल्याला जुना आहे.

आता जरा हिशेब. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. दख्खनच्या या दगडात साधारण दोन ते तीन टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतो. एक ब्रास खडी म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. म्हणजे दर ब्रासमागे कमीत कमी नव्वद किलो टायटॅनियम डायऑक्साइड. पाच ब्रासचा हायवा गेला की साडेचार क्विंटल गेला.

कागदावर मात्र गेलं ते गौण खनिज. तेही पावती फाडली असेल तर.

मग इथे खाण का नाही? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर सोपं आहे. दोन टक्के वेचायला अठ्ठ्याण्णव टक्के दगड दळावा लागतो. कण इतके बारीक आणि इतर खनिजांत असे रुतलेले की दळणाचाच खर्च धातूच्या किमतीपेक्षा जास्त. पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम हे नवव्या क्रमांकाचं मूलद्रव्य आहे. दुर्मिळ अजिबात नाही. सगळीकडे आहे आणि हाताला कुठेच लागत नाही.

अनुदानासारखं.

ज्या खनिजातून टायटॅनियम खरोखर काढतात त्याचं नाव इल्मेनाइट. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग. शुद्ध असेल तर 100 किलोत 52 किलोंहून जास्त टायटॅनियम डायऑक्साइड आणि 37 किलोंच्या आसपास लोखंड. हे आपल्या बेसाल्टमध्येही थोडं असतं. पण दगड फोडत बसण्यापेक्षा शहाणा माणूस दुसऱ्याने फोडलेला दगड घेतो. तो दुसरा म्हणजे पाऊस, नदी आणि समुद्र. लाखो वर्षं दगड झिजतो, हलकं वाहून जातं, जड काळे कण लाटांनी किनाऱ्यावर निवडून ठेवले जातात. निवडणावळ शून्य.

महाराष्ट्रात हे काम कुठे झालं? रत्नागिरीला.

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूचा तो काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूचा पांढरा समुद्र. मधे एक किल्ला. पाणी दोन्हीकडे सारखंच, वाळूचा रंग वेगळा. काळ्या बाजूला इल्मेनाइटसारखी जड खनिजं. पर्यटक मात्र विचारतो, ‘इथला बीच घाण का आहे?’ घाण नाही हो, विमानाचा कच्चा माल आहे. त्यावर भेळेचा कागद तुम्हीच टाकलात.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या खाडीमुखांपुढच्या समुद्रतळाची पाहणी करून इल्मेनाइट मिळतं हे दाखवून दिलं, त्याला चार दशकं उलटली. शोधनिबंध छापले गेले. पुढे काय झालं?

आणखी शोधनिबंध छापले गेले.

इथे कोकणप्रेमींनी लगेच छाती फुगवू नये. देशात इल्मेनाइटचा साठा 60 कोटी टनांहून अधिक धरला जातो. ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ हे त्यातले मालक. महाराष्ट्राचा वाटा एक टक्काही भरत नाही. म्हणजे आपण ज्या खजिन्यावरून भांडणार आहोत तो शेजाऱ्याच्या अंगणात नुसत्या सांडलेल्या मालाहूनही कमी.

त्या शेजाऱ्याच्या अंगणात थोडं आपलंही सांडलं आहे, ही गंमत वेगळीच. मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. गोदावरीच्या मुखाशी जी काळी वाळू आहे तिच्यातला मोठा भाग पूर्वघाटाच्या खडकांचा, पण दख्खनच्या बेसाल्टचे काळे कणही तिथे पोचले आहेत. प्रकल्प बाहेरच्या राज्यात गेले म्हणून आपण ओरडतो. माती तर कित्येक हजार वर्षांपासून जाते आहे. कुठल्याच पक्षाने पत्रकार परिषद घेतली नाही.

नंतर धरणं आली आणि गाळ अडला. मराठवाड्याच्या मातीचं पलायन थांबवणारा एकमेव उपाय तेवढा कामाला आला. माणसं अजून जातात, दर दिवाळीत, कोयता घेऊन, उचल फेडायला.

कायद्याकडे वळू. तिथे तर मजाच आहे.

किनाऱ्याच्या या वाळूत इल्मेनाइटबरोबर मोनाझाइट असतं, मोनाझाइटमध्ये थोरियम, आणि थोरियम म्हटलं की अणुऊर्जा खातं. म्हणून ही वाळू अणुखनिजांच्या यादीत. 2019 मध्ये केंद्राने किनाऱ्यावरची ही खाण खासगी कंपन्यांना बंदच करून टाकली. सरकारी कंपन्यांनीच करायची. तमिळनाडूत त्याआधी जे उत्खनन चाललं होतं ते पाहता कारण समजू शकतं. तिथे राज्य सरकारलाच 2013 मध्ये बंदी घालावी लागली होती.

मग जून 2023 आला. केंद्राने 30 खनिजं देशासाठी कळीची आहेत असं जाहीर केलं. त्यात टायटॅनियम. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि टायटॅनियमची खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली. टाळ्या. फक्त किनाऱ्यावरची वाळू यादीतच ठेवली.

आणि आपलं सगळं इल्मेनाइट असतं कुठे? बरोबर ओळखलंत.

या वाळूचं सरकारी खातं म्हणजे इंडियन रेअर अर्थ्स, 1950 सालची कंपनी, हल्ली नाव आयआरईएल. हिच्या खाणी केरळात चवराला, तमिळनाडूत मनवलकुरिचीला, ओडिशात छत्रपूरला. मुख्यालय मुंबईत, प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या समोर. खनिज उद्योगातून महाराष्ट्राला काय मिळालं असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. नारळ फोडायची सोय आपल्याकडे आहे.

पण खरा मुद्दा खाणीचा नाहीच. आपल्याकडे ‘सापडलं’ या शब्दावर सगळे खूश. सापडलं की पेढे, सापडलं की नेता, सापडलं की जमिनीचा भाव. सापडलेलं गाळायचं कोणी, हे विचारणारा गावात एकच असतो आणि त्याला कोणी सभेला बोलवत नाही.

तर गाळतात कसं? साध्या झोतभट्टीत इल्मेनाइट घातलं तर टायटॅनियममुळे स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, चिकट होतो, भट्टी तुंबते. म्हणून विजेची भट्टी. त्यात कोळशाबरोबर खनिज घालायचं, पारा 1700 अंशांच्या आसपास न्यायचा. लोखंड वितळून तळाशी बसतं, वर टायटॅनियमने भरलेला स्लॅग तरंगतो. लोखंडाच्या कारखान्यात जो स्लॅग फेकून देतात, तोच इथला मुख्य माल; लोखंड हे जोडउत्पन्न. साखर कारखान्यात आधी मळी ओढ्यात सोडायची आणि मग एक दिवस कळायचं की खरा पैसा मळीतच होता, तसं.

केज तालुक्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तो ओढाही माहीत आहे आणि तो वासही.

त्या स्लॅगमध्ये 75-85 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड. पुढे त्यावर क्लोरीन वायू सोडायचा, टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव मिळवायचा, तो मॅग्नेशियमबरोबर बंद भांड्यात तापवायचा आणि मग सच्छिद्र धातू मिळतो, त्याला टायटॅनियम स्पंज म्हणतात. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रॉलने 1940 च्या सुमारास ही रीत बसवली. आजही जग तीच वापरतं. स्वतः क्रॉलचा अंदाज होता की थोड्याच वर्षांत विजेची दुसरी स्वस्त पद्धत येईल. तीही येतेच आहे. आपल्या सिंचन प्रकल्पाइतक्या वेगाने.

आता लावा हिशेब. एका टन स्लॅगला दोनेक हजार युनिट वीज. म्हणून या भट्ट्या खनिजाच्या मागे जात नाहीत, विजेच्या मागे जातात. कॅनडात क्यूबेकमधली खाण एका टोकाला आणि सोरेलची भट्टी शेकडो किलोमीटर दूर, जिथे धरणाची स्वस्त वीज. नॉर्वेत टिसेडालला भट्टी 1986 पासून, तिथेही पाण्यावरची वीज. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बेला किनाऱ्याच्या टेकाडांतली वाळू आणि शेजारीच भट्ट्या.

आणि बीडमध्ये? बीडमध्ये परळीचं औष्णिक केंद्र आहे. 2013 च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. 2015 ला पुन्हा तेच. जिल्ह्याच्या शेतकऱ्याला वीज मिळते ती बरीचशी रात्री. 1700 अंशांची भट्टी रात्री चालू आणि दिवसा बंद असं जमत नाही, नाहीतर आपण केव्हाच टायटॅनियममध्ये जगात पहिले असतो.

पाण्याचं विचारू नका. याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. 2016 च्या एप्रिलमध्ये ते कोरडं पडलं म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. धरण आपल्या उशाशी, रेल्वे दुसऱ्याच्या दाराशी.

इथे कोणी म्हणेल, ही भट्टीची विद्या आपल्या रक्तातच नाही. चूक. नागपूरजवळ नायकुंडला अडीच हजार वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढायचे, कोळशावर, भात्यावर. त्यांच्या भट्टीत लोखंड खाली उतरायचं आणि दगडातलं टायटॅनियम स्लॅगमध्ये राहून फेकलं जायचं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, कोळसा महागला, भट्ट्या विझल्या. आज तिथे स्ट्रॉबेरी मिळते.

मलईसकट.

आधुनिक भट्टी एकदा महाराष्ट्राच्या दारात आली होती, तीही रत्नागिरीतच. टायटॅनियमची नाही, तांब्याची. स्टरलाइटला औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली, बांधकाम सुरू झालं, आंबा आणि मासळी धोक्यात येईल म्हणून लोक उठले. 1993 मध्ये काम थांबलं. कंपनीने तमिळनाडूत तुतिकोरिन गाठलं. पुढे 2018 च्या 22 मेला तिथे आंदोलकांवर गोळीबार झाला, 13 माणसं गेली, कारखान्याला टाळं लागलं.

रत्नागिरीकर बरोबर होते की चूक? या प्रश्नावर मुंबईतल्या चर्चेत आकडे येतात. तुतिकोरिनमध्ये तेरा फोटोंना हार आहेत.

तेव्हा कोकणी माणूस प्रकल्पाला नाही म्हणतो म्हणून त्याला हसणाऱ्यांनी केरळातल्या आलप्पाडला एक चक्कर मारावी. कोल्लम जिल्ह्यातली समुद्र आणि खाडीच्या मधली अरुंद पट्टी, अनेक दशकं याच काळ्या वाळूसाठी खणलेली. 2018-19 मध्ये लोक बसले उपोषणाला. म्हणाले, गाव दरवर्षी बारीक होतंय. वाळू काढली की समुद्र भरपाई मागायला येतो आणि तो अर्ज करत नाही.

मिऱ्यावर समुद्र कोणी न खणताच आत येतो. तिथे दरवर्षी धूपप्रतिबंधक बंधारा बांधतात, दरवर्षी लाटा तो खातात. या किनाऱ्यावर आजवर नियमितपणे चाललेला उद्योग एवढाच. लोखंड मात्र आपल्या पायांनी चालत आलं. 2020 च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. इल्मेनाइटपासून लोखंड काढायला वीज लागते. इथे लोखंडापासून परत माती करायचा प्रयोग बिनविजेचा चालला होता.

असो. युसूफ वडगावला या सगळ्याचं काय, असं वाटत असेल तर कृषी सेवा केंद्रात चला.

ऊस किंवा सोयाबीन कोवळं असताना पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार पान पाहतो आणि म्हणतो, ‘दादा, लोहाची कमतरता.’ आता ज्या दगडात लोखंडाचे ऑक्साइड बारा-चौदा टक्के, ज्या मातीला चुंबक लावलं तर कण उभे राहतात, तिथे लोहाची कमतरता! पण दुकानदार इथे खोटं बोलत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी फार. जमीन विम्लधर्मी, म्हणून लोखंड आहे पण मुळांना विरघळून मिळत नाही. खात्यावर रक्कम आहे, बँक देत नाही.

उपाय? हिराकस. म्हणजे फेरस सल्फेट. फवारा.

आणि हे हिराकस येतं कुठून? त्याचा मोठा हिस्सा पोलाद आम्लात धुणाऱ्या कारखान्यांतून, नाहीतर इल्मेनाइट गंधकाम्लात विरघळवून पांढरा रंग बनवणाऱ्या कारखान्यांतून. टायटॅनियम त्यांना हवं असतं, लोखंड नको असतं. ते लोखंड हिरवट स्फटिक होऊन पिशवीत भरलं जातं. म्हणजे जगभर खाणींतून काढलेल्या काळ्या वाळूतलं नको असलेलं लोखंड, लोखंडाने भरलेल्या काळ्या मातीत, लोखंड कमी आहे म्हणून, आपण पैसे देऊन टाकतो.

जीएसटीसकट.

पिवळेपणा विषाणूचा, म्हणजे मोझॅकचाही असू शकतो. तेव्हा हिराकस वाया. दुकानदार दोन्ही देतो. तोही कोणाचातरी बापच आहे, पोरगं अभ्यासिकेत आहे.

टायटॅनियमचंही गावात येणं-जाणं आहे. जगात निघणाऱ्या टायटॅनियमच्या खनिजातला दहातला नऊ हिस्सा धातू होतच नाही. त्याचा पांढरा रंग होतो. टायटॅनियम डायऑक्साइड. घराचा डिस्टेंपर, टूथपेस्ट, गोरं करणारी क्रीम, औषधाच्या गोळीचं कवच. युरोपने 2022 पासून तो खाण्यात घालायला बंदी केली. आपण गोळ्यांबरोबर घेतो. आणि चौकातला फ्लेक्स! त्याच्या प्लॅस्टिकला पांढरं कोण करतं? हेच.

भाऊंचा वाढदिवस, चाळीस फूट रुंद, दोनशे चेहरे. देशाचं कळीचं खनिज ते हेच.

या पांढऱ्या रंगासाठी देश चीनकडे बघतो. 2025 च्या मे महिन्यात चिनी मालावर डम्पिंगविरोधी शुल्क लावावं लागलं. आपण कोट्यवधी टन खनिजाचे मालक, तरी रंग बाहेरून. वाळू विकायला आपण तयार, डबा विकत घ्यायलाही आपण तयार. मधल्या कामाला कोणी तयार नाही, कारण मधल्या कामात घाम, आम्ल, वीजबिल आणि प्रदूषण मंडळ असतं.

अगदीच नाही असं नाही. तिरुवनंतपुरमला त्रावणकोर टायटॅनियम 1946 पासून आहे. चवराला केरळ सरकारचा कारखाना टायटॅनियम स्पंजही बनवतो, क्षमता वर्षाला 500 टन, अवकाश संस्थेच्या मदतीने उभा राहिलेला. स्पंज बनवणारे देश बोटांवर मोजण्याइतके, त्यात भारत आहे, ही खरोखर मान ताठ करण्याची गोष्ट. 500 टन हा आकडा मात्र कुजबुजत सांगावा. मोठे देश हजारो टनांत बोलतात. नोव्हेंबर 2024 मध्ये आयआरईएलने कझाकस्तानच्या कंपनीशी करार केला, ओडिशात टायटॅनियम स्लॅग बनवायला. कझाकस्तानला महासागराचा किनाराच नाही. त्यांच्याकडे भट्टीची विद्या आहे. आपल्याकडे अकरा हजार किलोमीटर किनारा आहे.

कोण कोणाकडे शिकायला गेलं, पाहा.

बाकी धातू म्हणून टायटॅनियम आपल्या भागात मिळतं ते हाडात. रस्त्यावर खड्डा, खड्ड्यात मोटारसायकल, मांडीचं हाड दोन ठिकाणी, अंबाजोगाईला किंवा लातूरला ऑपरेशन, आत टायटॅनियमची सळई. गंजत नाही, अंग सहसा नाकारत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. रस्ता करणाऱ्याने त्याच दर्जाचा माल वापरावा असा आग्रह नाही. खडीतलं टायटॅनियम खडीतच राहिलं असतं तरी चाललं असतं, डांबर तेवढं हवं होतं.

आता कोणी उत्साही पुढारी म्हणेल, आपण बीडला टायटॅनियम पार्क आणू. म्हणू दे. या तालुक्यात पवनचक्क्या आल्या तेव्हा वाऱ्याबरोबर खंडणी आणि आणखी काय काय आलं, हे साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रात वाचलं आहे. भट्टी आणायची तर आधी हमी द्या: चोवीस तास वीज, पाणी, आम्लाच्या सांडपाण्याची सोय, ‘आमच्या पोरांना ठेका द्या’ असं म्हणणाऱ्यांची सोय, आणि माल न्यायला तालुक्यापर्यंत रेल्वे. यातलं एक जरी आज असेल तर कळवा, पुढचा लेख त्याच्यावरच.

तरीही कोणाला तारीख हवी असेल, महाराष्ट्रातली पहिली टायटॅनियमची भट्टी कधी पेटेल याची, तर अंदाजासाठी एक सरकारी नोंद देऊन ठेवतो. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे, लांबी 261 किलोमीटर, मंजुरी 1995. पहिली गाडी बीडच्या फलाटाला लागली 17 सप्टेंबर 2025 रोजी. परळीपर्यंतचं काम त्या दिवशीही बाकी होतं.